विहिरीचं पाणी आणि दोन पांढरे बेडूक

हे लिहितोय तेव्हा माझ्या डाव्या हाताला तीन फुटांची काचेची टाकी आहे आणि तिच्यात दोन पांढरे बेडूक आहेत. मासा एकही नाही. पाहुणे येतात, टाकीशी वाकून बघतात, "अरे, मासे कुठे गेले?" असं विचारतात आणि मी "गेले" एवढंच सांगतो. खरं तर या टाकीपायी नुसते मासे गेले नाहीत. माझे वडीलही आमच्या घरातून गेले. ते गावी आहेत, धडधाकट आहेत, पण आमच्याकडे राहत नाहीत. त्यांनी कायमचं इथं राहावं म्हणून मी वर्षभर जिवाचं रान केलं होतं आणि ते एका संध्याकाळी माझ्याच तोंडानं घालवलं. ते कसं, हे एकदा सरळ लिहून टाकायचं आहे.

मी खोपोलीत राहतो. नोकरी साजगावच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत. कारखान्यातून बाहेर जाणारं सांडपाणी तपासायचं, आकडे काढायचे, कागद छापायचा, सही करायची. वीस वर्षं हेच केलं. त्यामुळे घरीदारी कुठंही पाण्याचा विषय निघाला की मी पुढे. सोसायटीच्या टाकीपासून शेजारच्यांच्या फिल्टरपर्यंत सगळ्यात माझं नाक. बायको म्हणायची, "यांना नुसता पाण्याचा ग्लास दिला तरी आधी उजेडात धरून बघतात." ती थट्टा करायची, मला तो मान वाटायचा.

गाव खालापूर तालुक्यातच आहे, सहा आसनी रिक्षानं अर्ध्या तासावर. तिथं आमचं घर, थोडं भाताचं शेत आणि एक विहीर. ती विहीर बाबांनी आणि आईनं लग्नानंतरच्या दोन उन्हाळ्यांत स्वतः खणलेली. बाबा खाली पहार चालवायचे आणि आई मातीची घमेली वर ओढायची. पाणी लागलं तेव्हा मी आईच्या पोटात होतो, असं आई सांगायची. त्याच पाण्यावर घराचा स्वयंपाक, परसातली मेथी, वांगी, मुळा. शेजारच्या दोन घरांच्या कळश्याही उन्हाळ्यात तिथंच भरायच्या.

आई मूत्रपिंडाच्या आजारानं गेली आणि बाबा त्या घरात एकटे पडले. मी दर रविवारी जाऊन विनवायचो. ते म्हणायचे, "मी हितं एकटा कुठं हाय? इहीर हाय, तुळस हाय, कोंबड्या हायत." मग डोळ्यात मोतीबिंदू पिकला आणि त्यांचा नाइलाज झाला. दिवाळीनंतर ऑपरेशनसाठी ते आमच्याकडे आले. मी मनाशी ठरवून टाकलं की आता परत जाऊ द्यायचं नाही.

या कामी मला मदत झाली ती टाकीची. डोळ्यावरची पट्टी निघाली, काळा चष्मा लागला आणि डॉक्टरांनी टीव्ही बघायला, वाचायला मनाई केली. मग ते स्टुलावर टाकीसमोर बसायला लागले. त्या वेळी टाकी भरलेली होती. ढीगभर गप्पी, सहा काळ्या मोली, चार एंजल आणि एक पाच वर्षांची मोठी गोल्डफिश. बाबा तिला तांबडी म्हणत. काचेवर बोट ठेवलं की तांबडी बोटाशी यायची, बोट सरकलं की तीही सरकायची. बाबांनी आयुष्यभर मासे पाहिले ते शेतात शिरलेले आणि टोपलीखाली दाबलेले. नुसते बघायचे मासे ही गोष्ट त्यांना आधी हास्यास्पद वाटली. आठवड्याभरात मात्र चहाचा कपसुद्धा ते तिथंच घेऊन बसू लागले. सासऱ्यांना बायको मामा म्हणते. ती मला हळूच म्हणाली, "मामा रमले हो."

मी टाकीचं पाणी बदलताना नळाच्या पाण्यात क्लोरिन मारायचे थेंब टाकत असे. बाबांनी ते पाहिलं.

"ह्ये काय टाकतोस रं?"

"नळाच्या पाण्यात औषध असतं ना. ते काढायला."

"म्हंजे औषध काढायला औषध?" ते पोट धरून हसले. आई गेल्यावर मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं. "अरं, इहिरीचं आन की. मासा बाटलीतल्या औषधावर जगतो व्हय कुटं?"

दर आठ दिवसांनी ते गावी चक्कर मारून यायचे. पुढच्या वेळी येताना खांद्यावर तेलाचा रिकामा कॅन, त्यात विहिरीचं पाणी. रिक्षावाल्यानं कॅनचे पैसे मागितले म्हणून त्याच्याशी भांडून आले होते. त्यांनी स्वतःच्या हातानं ते पाणी तांब्या तांब्यानं टाकीत ओतलं आणि मासे जरा जास्तच चपळ झाल्याचं जाहीर केलं. मी ओतू दिलं. मला आनंदच झाला होता. ज्या माणसाला आपली विहीर सोडवत नव्हती, तो विहीरच थोडी थोडी आमच्याकडे आणू लागला होता.

त्याच सुमारास मी कर्जतला एका लग्नाला गेलो. परत येताना स्टेशनजवळच्या दुकानात माशांचं खाद्य घ्यायला थांबलो. तिथं एका छोट्या टाकीत हे दोघे होते. अंगठ्याएवढे, दुधासारखे पांढरे, डोळे गुलाबी. पाण्यात हातपाय पसरून तरंगत होते, बाहेर कधी येतच नाहीत म्हणे. दुकानदार म्हणाला, "घेऊन जा दादा, टाकी एकदम साफ ठेवतात. मेलेलंबिलेलं सगळं खाऊन टाकतात." मी पिशवी हातात घेतली. त्याला एकही प्रश्न विचारला नाही. कारखान्यात सांडपाण्याच्या बाटलीलाही मी नमुना कुठला, कधीचा, कोणी घेतला हे विचारल्याशिवाय हात लावत नाही. आणि इथं जिवंत जनावर पिशवीत घालून मी लग्नाच्या कपड्यांत घरी आलो.

बाबांना बेडूक आवडतील असं वाटलं होतं. ते बराच वेळ काचेला नाक लावून बघत राहिले.

"नखं हायत रं ह्याला."

"कुठे?"

"मागल्या पायाला. काळी काळी तीन. आन अंगावर बग, टाकं घातल्यावानी रेघा. आपल्या शेतातल्या बेडकाला नखं नसतात."

मी वाकून बघितलं. होती खरी, काळ्या टिंबांएवढी. "असतील. दुकानातली जात आहे ती."

"देवानं नखं उगाच नाय दिली. फाडायला दिली."

"बाबा, तुमचा डोळा नवा आहे. आधी त्याला सवय होऊ दे."

ही मी थट्टा केली. बायको हसली, मीही हसलो. बाबा हसले नाहीत.

त्यानंतर टाकी रोडावू लागली. गप्पींची मोजदाद कोण ठेवतो, त्यामुळे पहिले आठ-दहा दिवस कळलंच नाही. मग मोली चार झाल्या, दोन झाल्या. एंजलपैकी लहानसा एक दिसेना. मी गाळणी उघडली, झाडांच्या मुळाशी बघितलं, टाकीमागची भिंत पाहिली. काही नाही. बेडूक मात्र टाकीच्या तळाशी हात जोडल्यासारखे बसलेले आणि दिवसागणिक अंग धरत चाललेले.

बाबा म्हणाले, "मासा मेला की तरंगतो. एक तरी तरंगलेला बघितलास का तू?"

"बेडूक मेलेले खातात ना. म्हणून तर आणले."

"मेलेलं खातात ह्ये तुला कोनी सांगितलं?"

"दुकानदारानं."

"आन जितं खात नाय ह्येही त्यानंच सांगितलं का?"

मला राग आला. मी रागीट आहेच, त्यातून पाण्यातल्या गोष्टी मला बाबांनी शिकवाव्यात हे मला चालण्यासारखं नव्हतं. माझ्या डोक्यात हिशेब पक्का झाला होता. मासे कशानं तरी मरतायत आणि बेडूक प्रेतं उचलतायत. मग मारतंय काय? टाकीत नवीन काय आलं? पाणी. प्रयोगशाळेत पोराला पहिल्या दिवशी सांगतात की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या तर दोष कोणाचा ते कळत नाही. टाकीत दोन गोष्टी बदलल्या होत्या. त्यातली एक मी आणली होती, म्हणून ती मला दिसली नाही.

मग एका सकाळी तांबडी मेलेली सापडली. ती मोठी होती, तिला गिळणं कोणाला शक्य नव्हतं, म्हणून ती तरंगली. शेपटीच्या चिंध्या झाल्या होत्या, एका बाजूचे खवले निघाले होते. खराब पाण्यात माशांचे पंख कुजतात हे मी वाचलं होतं, आणि मला तेच दिसलं. बाबा स्टुलावर बसून होते, हात मांडीवर. मी त्यांच्याशी एक शब्द न बोलता कॅनमधलं पाणी बाटलीत भरलं आणि कामावर गेलो.

दुपारी मी ते पाणी तपासलं. नायट्रेट निघालं. शेतीच्या मधोमध असलेल्या कुठल्याही विहिरीत ते थोडंफार निघतं. कागद छापून आला. आमच्या कागदावर दोन रकाने असतात. एकात सापडलेलं प्रमाण, शेजारच्यात पिण्याच्या पाण्याची मर्यादा. आमच्या विहिरीचा आकडा मर्यादेच्या पुष्कळ आत होता. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं. तरी मी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. मला त्या दिवशी खरं काय ते नको होतं, मला बरोबर ठरायचं होतं.

संध्याकाळी घरी आलो तर बाबा चहा पीत होते. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि पहिल्या आकड्याखाली बोट ठेवलं. माझा अंगठा दुसऱ्या रकान्यावर होता. मुद्दाम ठेवला होता की नाही, हे मी स्वतःला इतक्या वेळा विचारलंय की आता उत्तराची खात्री उरली नाही.

"हे बघा. तुमच्या विहिरीत नायट्रेट आहे."

"म्हंजे?"

"युरिया टाकता ना शेतात? तो पाझरून खाली जातो. त्यानं मेले मासे. तांबडी त्यानं मेली."

ते काही क्षण कागदाकडे बघत राहिले. काळ्या चष्म्यातून त्यांना अक्षर लागत नव्हतं, हे मला माहीत होतं. वाचायचा चष्मा अजून व्हायचा होता.

"आमी तर ह्येच पितो," ते म्हणाले.

इथं मला थांबता आलं असतं. मासे मेले होते, राग काढून झाला होता, बायको स्वयंपाकघराच्या दारातून डोळ्यांनी "पुरे" म्हणत होती. पण उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणालो, "तेच तर. आई चाळीस वर्षं हेच पाणी प्यायली. तिच्या मूत्रपिंडाचं असं का झालं असेल, विचार करा."

बाबांनी कप खाली ठेवला. मग माझ्या हातातून तो कागद घेतला, नीट घडी घातली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. "पान्याला नावं ठिवू नये रं," एवढंच ते म्हणाले, आणि तेही मला ऐकवण्यासाठी म्हणाले असं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना ते गेले. बायकोनं सांगितलं की कॅनमध्ये उरलेलं पाणी त्यांनी मोरीत ओतलं नाही. गॅलरीतल्या तुळशीला घातलं. कॅन धुऊन उपडा ठेवला, धोतर-सदरे पिशवीत भरले. ती पाया पडली, रडली, तर म्हणाले, "तुजा काय दोष नाय गं." पुढे दीड महिन्यानं त्यांचा वाचायचा चष्मा तयार झाला. तो घ्यायला ते गावाहून परस्पर दवाखान्यात आले आणि परस्पर परत गेले. दवाखाना आमच्या बिल्डिंगच्या मागच्या गल्लीत आहे.

ते गेल्यावर मी विहिरीचं पाणी काढून टाकी नळाच्या पाण्यानं भरली. थेंब मोजून टाकले. तीन एंजल उरले होते. तीन दिवसांत दोन झाले.

रविवारी दुपारी वीज गेली. टाकीवरचा दिवा बंद, खोलीत पडद्यामुळे मंद उजेड. मी जेवून खुर्चीत पडलो होतो. तळाशी बसलेला एक बेडूक हळूच वर आला, एंजलच्या खाली थांबला, आणि पुढच्या क्षणी एंजल अर्धा त्याच्या तोंडात होता. शेपूट बाहेर वळवळत होती. त्यानं पुढच्या दोन हातांच्या बोटांनी तिला आत ढकललं, अगदी लहान मूल पोळी तोंडात कोंबतं तशी. मोठा घास फाडायचा असला की मागचा पाय वर आणून नखांनी फाडायचा, तेही मी नंतर पाहिलं. पुढे वाचलं तेव्हा कळलं की या जातीला जीभच नसते. घरात जीभ होती ती माझ्याकडे.

बायकोही मागे उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा मामांना."

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. फोन लावायचो, ते "बरा हाय" म्हणायचे, मी "औषध घालताय ना डोळ्यात?" विचारायचो आणि फोन ठेवायचो. चूक कबूल करायला फार शब्द लागत नाहीत, चार पुरतात. ते चार शब्द मला तीन महिने सापडले नाहीत. शेवटचा एंजलही गेला. बेडूक मुठीएवढे झाले आणि मी त्यांना गांडुळं घालू लागलो. त्यांचा मला इतका तिटकारा आला होता की खायला घालताना मी तोंड फिरवायचो.

होळीच्या आसपास मी त्यांना काढून टाकायचं ठरवलं. दुकानदार परत घेईना. "एवढे मोठे कोण नेणार?" म्हणाला. शेलूला एक मित्र मासे पाळतो, त्याला विचारलं तर तो फोनवर खदखदून हसला. मग मला विहीर सुचली. आमच्याकडे विहिरीत कासव सोडतात, मासे सोडतात, पाणी जितं राहतं म्हणतात. लहानपणी मी स्वतः ओढ्यातले मासे आणून त्या विहिरीत सोडले होते. वाटलं, बेडूक विहिरीत जातील, त्या निमित्तानं बाबांची भेट होईल, बेडकांचं खरं सांगून टाकीन. आपलंही काम होईल आणि त्यांनाही बरं वाटेल. झाकणाच्या बादलीत दोघांना घातलं आणि मोटरसायकलला बांधून निघालो.

बाबा परसात मुळे उपटत होते. मला बघून उठले, आत गेले, आणि नेहमीसारखा पाण्याचा तांब्या आणून माझ्या हातात दिला. आमच्याकडे आलेल्याला आधी पाणी देतात, मग बोलतात. मी तांब्या तोंडाला लावला तर तो माझ्याच्यानं रिकामा होईना. ते बघत उभे होते. मी सगळं प्यालो.

मग मी बादलीचं झाकण काढलं आणि सांगितलं. मासे बेडकांनी खाल्ले, तुमचं खरं होतं, माझं चुकलं. हे सगळं मी बादलीकडे बघत बोललो. ते ऐकून घेत होते. शेवटी मी म्हणालो, "यांना इथं विहिरीत सोडावं म्हणतो."

बाबा विहिरीच्या काठावर बसले. पाणी खाली गेलं होतं, पायऱ्या उघड्या पडल्या होत्या आणि खालच्या पायरीवर दोन-तीन हिरवट बेडूक बसले होते, आमचे, गावचे.

"तवा माजं पानी इषारी होतं," ते म्हणाले. "आज तुज्या बेडकांना चाललं?"

मी झाकण हातात धरून उभा होतो.

"हितं माजी बेडकं हायत. ती कीड खातात, माशी खातात. ही तुजी नखवाली त्यांना ठिवतील? एक पावसाळा गेला की इहिरीतून शेतात, शेतातून ओढ्यात. मंग कोन धरायला जाईल?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "पोसायची नव्हती तर आनायची नव्हती. आनलीस, आता पोस."

मी झाकण लावलं. घरी येऊन वाचलं, तर हे बेडूक बाहेर सोडले की तिथल्या बेडकांना संपवतात आणि रोगही देतात, असं लिहिलेलं. मी हे आधी वाचायला हवं होतं. बाबांनी ते न वाचता, काठावर बसल्या बसल्या सांगितलं होतं.

त्या गोष्टीला आता चार वर्षं झाली. बेडूक पंधरा-वीस वर्षं जगतात म्हणतात, म्हणजे आमची सोबत अजून बरीच आहे. मी त्यांना पोसतो. आताशा तोंड फिरवत नाही. त्यांची काही चूक नव्हती, त्यांना भूक होती आणि मी त्यांना ताटात सोडलं होतं.

बाबा अधूनमधून येतात. डोळे तपासायला, रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला. दुपारी जेवतात, थोडे पडतात आणि पाचच्या आत निघतात. येताना वालाच्या शेंगा नाहीतर मुळे आणतात. आणि त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली असते, विहिरीच्या पाण्याची. आमच्याकडे ते तेच पाणी पितात. बायको दर वेळी ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवते. ते त्याला हात लावत नाहीत आणि त्याबद्दल बोलतही नाहीत. मी समजायचो की हा त्यांचा रुसवा आहे. आपल्या पाण्यानं माणूस मरत नाही हे ते मला पिऊन दाखवतायत.

गेल्या महिन्यात आले तेव्हा जिने चढून दमले होते. स्टुलावर बसले आणि टाकीकडे बघत राहिले. मी म्हणालो, "बाबा, आता इथंच राहा."

"बगू," ते म्हणाले.

मग मला वाटलं की आज सांगितलं नाही तर राहूनच जाईल. बेडकांचं मी कबूल केलं होतं, पण कागदाचं कधीच नाही. मी म्हणालो, "बाबा, तो कागद मी तुम्हाला दाखवला होता ना. त्यातला आकडा…"

"वाचला मी," ते म्हणाले. "चष्मा आला त्याच दिवशी."

मी त्यांच्या चष्म्याकडे बघितलं.

"विंग्रजी नाय येत मला. आकडं येतात. दोन होते. आपला ल्हान, शेजारचा मोटा. शेजारचा कसला म्हून शाळेतल्या बाईंना जाऊन इचारलं." त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं, एक घोट घेतला, सावकाश गिळला. "बाई म्हनाल्या, आजोबा, चांगलं हाय तुमचं पानी. खुशाल प्या."

"बाबा…"

"चष्मा यायला दीड महिना लागला रं," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, टाकीतल्या त्या दोघांकडे बघत. "दीड महिना मला वाटायचं, तुज्या आयेला मीच पाजून मारली."

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी पाठीवर हात ठेवला, दोनदा थोपटलं आणि हात काढून घेतला. डब्यातलं एक गांडूळ उचलून टाकीत सोडलं आणि बेडूक ते हातांनी तोंडात कोंबत होता तोवर बघत बसले. मग बाटलीला झाकण लावून ती पिशवीत ठेवली. पाचला दहा मिनिटं होती. मी "सोडायला येतो" म्हणालो, ते म्हणाले, "नको, रिक्षा मिळंल."

ते गेल्यावर बायको कपबशा उचलायला आली. त्यांच्यासाठी भरलेला ग्लास काठोकाठ तसाच होता. तिनं तो मोरीत ओतायला उचलला. मी तिच्या हातातून घेतला, गॅलरीत गेलो आणि ते पाणी तुळशीला घातलं.